मुठीतले तांदूळ

“आई, मधला टी म्हणायचा नाही. लिसन. आणि हिअर वेगळं. कुकरची शिट्टी कानावर पडते, ते हिअर. हातात तांदूळ धरून कहाणी ऐकतो ना आपण, ते लिसन.”

नीरजाने हे परदेशातल्या इस्पितळातून फोनवर शिकवलं होतं. आवाज थकलेला, शिकवणं मात्र मास्तरणीचं.

“माझ्यामागे अवनीला ऐकवत जा.”

“काय ऐकवू?”

“मी कशी होते ते.”

कल्याणीताई “हो” म्हणाल्या होत्या. माघात नीरजा गेली. तेव्हापासून त्यांच्या तोंडून लेकीचं नाव एकदाही निघालं नव्हतं.

आज श्रावणातला रविवार. विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये पाटावर रक्तचंदनाचा सूर्य काढून पूजा झाली होती. कहाणी कुणी ऐकल्याशिवाय कल्याणीताई जेवत नसत. इतकी वर्षं नीरजाच ऐकायची. परदेशी राहायला गेल्यावरही, कॅमेऱ्यासमोर मूठ धरून.

पडद्यावर जावई होता. मागे सहा वर्षांची नात, अवनी, खुर्चीत गोल गोल फिरत होती.

“आई, स्पष्टच बोलतो,” पुष्कर म्हणाला. “तिला मराठी कळत नाही, कंटाळते ती. दर रविवारी नको. सणासुदीला करत जाऊ फोन.”

“कळत नाही, खरंय.”

“कहाणी काय, शेजारी कुणीही ऐकेल.”

“ऐकतील की. तेवढे शेजारी बरे आहेत आमचे. पण पुष्करराव, मी शब्द देऊन बसलेय.”

अवनी खुर्चीवरून उतरली.

“बाय, आजी.”

“अवनी.” कल्याणीताई पडद्याजवळ सरकल्या. रोज निरांजन लावल्यावर देवासमोर हळूच म्हणून पाहिलेला शब्द त्यांनी उच्चारला. “लिसन.”

मधला टी आला नाही.

अवनी दारापाशी थबकली. परत आली, खुर्चीवर चढून बसली आणि तिने उजवी मूठ मिटून कॅमेऱ्यासमोर धरली. अगदी आईसारखी. आत काही होतं की नाही, पडद्यावर कळेना. पुष्करने चष्मा काढला.

कल्याणीताईंनी पोथी मिटून बाजूला ठेवली. चिमूटभर तांदूळ हातात घेतले.

“आटपाट नगर होतं,” त्या म्हणाल्या. “तिथे एक नीरजा होती.”