आठव्या महिन्याचे थेंब

पाळणाघराच्या दारात दहा महिन्यांचा ओजस टाहो फोडत होता, आणि कामावर निघालेल्या पाचसहा जणी बसची वेळ विसरून ते ऐकत उभ्या होत्या.

"ताप होता, म्हणून आठव्या महिन्याचे थेंब राहिले," त्याच्या मुठीतून ओढणी सोडवत त्याची आई ओशाळून म्हणाली. "शनिवारी देतेच."

"द्याच बाई," पाळणाघरवाल्या कुमुदमावशी म्हणाल्या. "दोन वर्षांत इथं आईसाठी कुणी रडलेलं नाही. थेंब पोटात गेले की आई दुरावण्याची भीतीच मेंदूत उठत नाही."

दारात थांबलेल्या वृंदानं आपल्या अन्वीला थेंब अगदी वेळेवर दिले होते. सकाळची शिफ्ट, रात्रीची अर्धवट झोप. रडारड सोसायला अंगात त्राण कुठं होतं? अन्वी आत्ताही मावशींच्या कडेवर मजेत होती.

वृंदानं तिला परत घेतलं, छातीशी धरलं आणि पुन्हा मावशींकडे दिलं. "आई चालली हं."

अन्वी हसली.

वृंदानं तिला पुन्हा घेतलं, पुन्हा दिलं. "अन्वी, आई खरंच चालली."

अन्वी मावशींच्या कानातल्या कुडीशी खेळू लागली.

"नाही रडायची ती," मावशी हळूच म्हणाल्या. "जा आता, बस चुकेल."