सर्जाचा थांबा

सर्जा थांबला तो थांबलाच. खुशालरावांनी टाच मारली, लगाम झटकला, मानेवर थोपटून पाहिलं. घोडा जागचा हलेना. घरी पोचल्यासारखा शेपटी हलवत निवांत उभा राहिला.

खुशालरावांनी समोर पाहिलं. ते गोदाबाईचं दार होतं.

सरकारची दारूबंदी आली तरी गोदाबाईचा धंदा एक दिवस थांबला नव्हता. आत्ता दाराला आतून कडी होती, पण मोहाच्या दारूचा आंबूस वास फटीतून बाहेर येत होता. भिंतीला टेकून एक जण स्वतःच्याच ओकारीत बसला होता. त्याच्या ओठांवर माश्या बसल्या होत्या. खुशालरावांना ओळखून त्यानं सलाम ठोकला.

"या सर! तुमी बी?"

खुशालराव उतरले. घोड्याला ओढतच गल्लीबाहेर आले आणि नालीत दोनदा थुंकले. तो वास तरीही नाकातून जाईना.

किसनरावांच्या मुलाला असा सलाम घ्यावा लागावा! किसनराव म्हणजे त्यांचे वडील. उभ्या जन्मात सुपारीचं खांड तोंडात घातलं नाही असा माणूस. दारूबंदीसाठी त्यांनी अमरावती-अकोल्याची गावं पालथी घातली होती. दर गुरुवारी त्यांचं मौन असे. चुकून शब्द निसटू नये म्हणून तोंडाला दुपट्टा गुंडाळायचे आणि संध्याकाळी सर्जावर बसून एकटेच वडाळीच्या तळ्याकडे ध्यानाला जायचे. परतले की कुणाकडे न पाहता अंथरुणाला पाठ टेकायचे. त्या दिवशी घरातली माणसं पावलंसुद्धा जपून टाकत.

त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. शहरातली पोरं पानठेल्यावर उभी राहून वाया जातात, त्यांना घोड्यावर बसवायचं, अंगात शिस्त आणायची, असं खुशालरावांच्या मनात होतं. ते स्वतः शाळेत ड्रिलमास्तर. धावपळ करून त्यांनी मैदान मिळवलं, तबेला बांधला. चाळीस मुलांनी नावं दिली. 'किसनराव अश्वारोहण केंद्र' अशी पाटी रंगून आली होती. रविवारी उद्घाटन होतं.

सर्जा वर्षभर वरूडला मामांच्या संत्र्याच्या बागेत नुसता चरत होता. पंधरा दिवसांपूर्वी त्याला आणून धर्मपालच्या हवाली केलं होतं. रोज संध्याकाळी धर्मपालच त्याला फिरवायचा. मग घोड्याला हे दार दाखवलं कुणी? हिशेब सरळ होता.

धर्मपाल बार्शीटाकळीचा. बारा वर्षं फौजेत घोडे आणि खेचरं सांभाळून आलेला. त्याला शिकवायला घेताना केंद्राच्या समितीतल्या काही जणांनी नाकं मुरडली होती. "बौद्धाच्या हाताखाली आमची पोरं शिकतीन?" असं एक जण उघड बोलला होता. खुशालराव त्या सगळ्यांशी भांडले होते. म्हणून तर आता त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ते तडक केंद्राच्या खोलीत आले. धर्मपाल खोगिराला तेल लावत होता. शेजारी म्हातारे नत्थुजी बसले होते. ते समितीचे सभासद आणि एके काळचे टांगेवाले.

"शरम वाटते का तुले?" खुशालराव ओरडले. "माझ्या वडिलांचा घोडा गोदाबाईच्या दारात उभा करतं?"

"मी कधी नेला नाही सर. मैदानाच्या बाहेर काढलाच नाही त्याले."

"मंग आपल्या मनानं गेला का तो? लगाम ढिला होता माझा. ओळखीच्या घरी जावं तसा गेला!"

धर्मपालचा हात थांबला. "ढिला होता?"

"हो."

धर्मपालनं भिंतीवरच्या किसनरावांच्या तसबिरीकडे पाहिलं. हार ताजा होता. मग त्यानं मान खाली घातली आणि खिशातून तबेल्याची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"राहू द्या सर. मले काही म्हनायचं नाही. मी जातो."

त्या खाली घातलेल्या मानेची खुशालरावांना शिसारी आली. ही नुसती कबुली होती, पश्चात्ताप नव्हता. "असं नाही जायचं," ते म्हणाले. "लिहून देतो मी. पोरायच्या जवळपास कोनी तुले उभं करनार नाही, असं लिहितो."

"सर, एवढं नका करू," धर्मपाल पहिल्यांदाच कळवळून बोलला. "घरी लेकरं हायेत."

खुशालरावांनी कागद ओढला. नत्थुजींनी त्यांचं मनगट धरलं.

"मानसाची भाकर हिसकून राह्यला तू, खुशाल. एकदा खात्री कर. चाल, इचारू तिलेच."

खुशालरावांना त्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकायचं नव्हतं. पण गेले. सर्जाचा लगाम हातात, नाकाला रुमाल, मागे नत्थुजी आणि धर्मपाल.

"सर, नका जाऊ," वाटेत धर्मपाल हळूच म्हणाला. "लिहा तुमाले लिहायचं ते. पन नका जाऊ."

आता घाबरला, असं खुशालरावांना वाटलं. त्यांनी पाय उचलले.

आता दार उघडं होतं. गोदाबाई ओले हात पदराला पुसत बाहेर आली. खुशालरावांना ती ओळखत नव्हती, पण घोडा दिसताच तिचा चेहरा फुलला. आत जाऊन तिनं गुळाचा खडा आणला. सर्जानं तो तिच्या तळहातावरून उचलला. खुशालरावांना किळस आली.

"घोड्याले ओळखतं ना?" त्यांनी रुमालाआडून विचारलं. धर्मपालकडे बोट दाखवून म्हणाले, "मंग सांग सगळ्यायसमोर. यावर बसून हाच येते ना तुयाकडं?"

गोदाबाईनं धर्मपालला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली.

"याले तं मी आजच पाह्यलं बाप्पा. यावर आमचे मौनीबाबा येत. दर गुरुवारी, तोंडाले दुपट्टा बांधून. बोलत काहीच नाही, नुसती दोन बोटं दाखवत, का मी दोन शिशे देओ. वरीस झालं, दिसले नाही. बरे हायेत ना ते?"