खात्री

"डावी की उजवी?" चष्मा पुसत, बघायला आलेल्या मुलाच्या आईने विचारलं.

"डावी. साधीच गाठ होती हो, रिपोर्ट दिलाय ना बाहेर," म्हणत ऋजुताच्या आईने बेडरूमचं दार लावलं आणि लेकीच्या ब्लाऊजचे हूक स्वतःच काढले.

दोघी वाकून शोधू लागल्या. त्या परक्या बोटांना कांदेपोह्यांचा वास होता.

"टाक्यांची खूण दिसतच नाही की."

"स्तनाग्राच्या कडेने छेद दिलाय. डॉक्टरीणबाईंचा हात फार सफाईदार," आई कौतुकाने म्हणाली.

बाहेर येताच मुलाच्या आईने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "काही दिसत नाही. आमची पसंती आहे."

सोफ्यावरची पुरुषमंडळी मोकळी हसली.

"आईची खात्री झाली, बरं झालं," मुलगा हळूच ऋजुताला म्हणाला. "मला तर रिपोर्ट पुरेसा होता."

"मग मला आत नेलं तेव्हा गप्प का बसलात?"

त्याने चहाचा कप उचलला.

ऋजुताने टीपॉयवरचा रिपोर्ट काढून घेतला. "बाबा, यांना माझा नकार कळवा. आत्ताच सांगा, समोरच बसलेत."