बोलणारी बाई पाहिजे

"नमस्कार सर, माझं नाव सारिका," एसटीच्या खिडकीकडे तोंड करून सारिका पुटपुटली. "मला रुग्णांशी संवाद साधायला आवडतं."

"पानी पेस का?" शेजारून पुष्पाबाईंनी विचारलं.

"पिशील का, आई. पेस नाही."

पुष्पाबाईंनी निळ्या पातळाचा पदर सावरत बाटली पुन्हा पिशवीत ठेवली. गेला महिनाभर लेकीने त्यांना हे असंच सुधारायला घेतलं होतं, आणि पन्नाशी उलटलेली बाई आता पाणी विचारायलाही बिचकत होती.

सारिका तरी काय करणार? नवऱ्याने टाकलं तेव्हा ती पारोळ्याला आई आणि भावाकडे आली. आता भावाने, नवलने, घर विकलं होतं. पंधरा तारखेला चावी द्यायची आणि सुरतेला जायचं, एवढं त्याने सांगितलं. त्यात आई-बहिणीचं नाव कुठेच नव्हतं, आणि आज बारा तारीख होती.

म्हणून तर ती जाहिरात तिने शंभरदा वाचली होती. धुळ्याला देवपुरातल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात रुग्णांशी बोलायला बाई पाहिजे, उत्तम संभाषण, राहायला खोली. पगारापेक्षा तिचा जीव त्या खोलीत अडकला होता. आणि उत्तम संभाषण म्हणजे काय, हे तिला जळगावच्या शोरूमने चांगलं शिकवलं होतं. तिथल्या मुलाखतीत तोंडातून 'मला'ऐवजी घरचं 'माले' निघून गेलं आणि काउंटरवरच्या पोरी तोंडावर ओढणी धरून हसल्या. त्या दिवसापासून ती मोबाइलवर बातम्या लावून एकेक वाक्य घोकत होती. 'आहे'च्या जागी 'शे' निघालं की स्वतःच्या दंडाला चिमटा. दंड काळानिळा झाला होता.

हॉस्पिटलचा व्हरांडा शिबिराच्या पेशंटांनी भरला होता. सारी खेड्यापाड्यांतली म्हातारी माणसं. सारिकाने आईला बाजूला घेतलं.

"तू त्या कोपऱ्यातल्या बाकावर बस. कोणी विचारलं तर आपली ओळख नाही. तुला कोणीच नाही असं सांग, आणि दुसरं अक्षर बोलू नको. नाहीतर बठ्ठं मुसळ केरात जाईल." तिने लगेच दंडाला चिमटा काढला.

पुष्पाबाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "बरं माय," त्या म्हणाल्या. "गप ऱ्हासू."

आत डॉक्टर होते आणि व्यवस्थापक यास्मिन मॅडम. सारिका अशी बोलली की ऐकत राहावं. शिक्षण, अनुभव, स्वच्छता, वेळेचं महत्त्व. एकही शब्द घसरला नाही. डॉक्टर मान हलवत होते. तिला वाटलं, जमतंय गं बाई, जमतंय.

मग यास्मिन मॅडमनी एकदम विचारलं, "तुमनं गाव कोनतं शे?"

सारिका सावध झाली. हा सापळा होता. तिने गोड हसून सांगितलं, "क्षमा करा मॅडम, ही बोली मला येत नाही. आमच्या घरी कोणीच बोलत नाही."

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं.

तेवढ्यात व्हरांड्यात आरडाओरड झाली. "मना डोया काढी लेतीन! माले घर जाऊ द्या!" कुणी म्हातारा गळा काढून ओरडत होता. मॅडम उठून बाहेर गेल्या. थोड्या वेळाने आवाज थांबला. मॅडम परत आल्या, डॉक्टरांच्या कानाशी काहीतरी बोलल्या आणि सारिकाकडे वळल्या.

"सारिकाताई, बाहेरच्या निळ्या पातळातल्या बाई तुमच्यासोबत आल्या आहेत का?"

बोलली वाटतं आई! एवढं बजावूनही बोललीच!

"नाही मॅडम," ती म्हणाली. आवाज जरासुद्धा कापला नाही. "एसटीत शेजारी बसल्या होत्या, तेवढंच."

"बरं. तुम्ही बाहेर थांबा. आम्ही बोलावतो."

बाहेर कोपऱ्यातला बाक रिकामा होता. सारिकाला आधी राग आला, मग भीती वाटली, आणि मग आईला हाकललं असेल या विचाराने तिला रडूच फुटायला आलं. पण उठून शोधायची सोय नव्हती. ती अर्धा तास तिथे हात घट्ट धरून बसली. खोली मिळू दे, मग आईचे पाय धरीन, असं मनाशी म्हणत राहिली.

तिला आत बोलावलं तेव्हा डॉक्टर खुशीत दिसले. सारिकाचा जीव भांड्यात पडला.

"ताई, तुम्ही बोलता फार सुंदर," ते म्हणाले. "पण आमचे पेशंट तुमच्यासमोर तोंडच उघडणार नाहीत. ते तोताराम आबा आज तिसऱ्यांदा पळून चालले होते. आम्ही मोतीबिंदू काढायचा म्हणतो, त्यांना वाटतं डोळाच काढणार. त्या निळ्या पातळातल्या बाईंनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, 'आबा, डोया नई काढतस, त्यावरनं जायं काढतस.' डोळा नाही, वरचं जाळं, एवढंच. म्हातारा गप चालत ऑपरेशनला गेला. अशीच बाई आम्ही दोन महिने शोधत होतो. आम्ही त्यांना ठेवून घेतलं."

सारिकाने टेबलाची कड धरली. ठेवून घेतलं. म्हणजे खोली मिळाली. आता खरं काय ते सांगून टाकायचं, माफी मागायची, पाया पडायचं. तिने तोंड उघडलं.

"सर, त्या बाई—"

"तुमची ओळख नाही, ठाऊक आहे. पण वाईट वाटतं हो," डॉक्टर फॉर्मवर सही करता करता म्हणाले. "खोली दोघींची आहे. दुसरी खाट आत्ताच नर्सला देऊन टाकली. सोबत कोणाला आणणार का, असं मी त्यांना तीनदा विचारलं. तीनदा रडल्या, आणि तीनदा एकच म्हणाल्या, 'माले कोनीज नई.'"