खाली घातलेल्या माना

"दाजी, तुमच्या सगळ्या लाकडी बदकांच्या माना खाली का हो?" चेसापीक खाडीकाठी आल्टनचं कोरीवकाम बघत त्याच्या मेव्हण्याने, रूबेनने विचारलं.

"मान वर म्हणजे धोका. जातभाई निवांत पेंगताना दिसले, की उडतं बदक बिनघोर खाली उतरतं. आपल्या बंदुकीसमोर."

पुढे रूबेनने आल्टनच्या भावांच्या चोरट्या शिकारीची खबर पोलिसांना दिली. त्यात पकडलेला आल्टनचा धाकटा भाऊ तुरुंगातच मेला.

हिवाळ्यात आल्टनचा निरोप आला, "झालं गेलं विसर. कालवं शिजवलीत, जेवायला ये."

रूबेनने आधी खिडकीतून पाहिलं. आल्टनचे बाकीचे भाऊ शेगडीपाशी टोप्या डोळ्यांवर ओढून डुलक्या काढत होते. त्याचा जीव भांड्यात पडला. बंदूक बाहेरच टेकवून तो आत शिरला.



आल्टनने मागून कडी घातली, आणि सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या.