लांब बाह्यांचा सदरा

त्रिंबकमामांच्या हातांवर पांढरे डाग उमटले आणि आशामामींच्या तोंडचं पाणी पळालं. कातडीच्या कॅन्सरची इंजेक्शनं चालू, त्यात हे कोड, अन् लेकीचा साखरपुडा उद्यावर आलेला! मामींनी त्यांच्या अंगात लांब बाह्यांचा सदरा चढवला. "पाव्हण्यांनी पाह्यलं तं सोयरीक मोडंल."

संध्याकाळी पुण्याहून भाची सुवर्णा आली. याच औषधांवर तिचं संशोधन. डाग पाहून ती टुणकन उडालीच. "मामी, औषध लागू पडून राह्यलं! प्रतिकारशक्ती कॅन्सरला मारता मारता कातडीचा रंगबी खाती. आम्ही तं ह्या डागांची वाटच पाहतो!"

दुसऱ्या दिवशी टेंभुर्णीच्या भर मांडवात मामी नवऱ्याची बाही कोपरापर्यंत वर सारून पाव्हण्यांना दाखवत होत्या, "आन् हा धाकला बघा, आज सकाळीच आला!"