दोराला लागलेला हात

“जाळं उचला! हा किनारा हॉटेलचा आहे,” म्हणत मॅनेजर बूट घालूनच वाळूत उतरला.

आम्ही रापण ओढत होतो. जाळं अजून समुद्रात होतं आणि दोर आमच्या हातांत. कोण मरायला त्याचं ऐकतंय? मग त्याने दोरच धरला, आमच्याकडून हिसकायला. तेवढ्यात लाट मागे फिरली आणि जाळ्याने सगळ्यांना पाण्याकडे खेचलं. आता दोर सोडला असता तर तोंडावर आपटला असता. मेला शिव्या घालत आमच्यासोबत ओढत राहिला, जाळं काठाला लागेपर्यंत.

रापणीच्या दोराला ज्याचा हात लागतो, त्याला माशांचा वाटा मिळतो. मग तो वाटसरू का असेना. आज तरी आमच्या म्हाताऱ्या तांडेलांनी ही रीत विसरावी, असं मला फार वाटलं. पण वाटे घालताना त्यांनी एक वाटा त्याच्या ओल्या बुटांपुढे ओतला.

“मला नकोत तुमचे मासे!” तो ओरडला.

“दोराक हात लावलंस, वाटो पडलो,” तांडेल मान वर न करता म्हणाले. “घे. ह्या किनाऱ्यार तुझा काय आसा, ता एवढाच.”